पूर ओसरल्यावरचा राडारोडा: उचलण्याचे ठेके आणि त्यांवरील देखरेख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण-महाड पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाळ, भिजलेल्या गाद्या, फुगलेले प्लायवूड, सडलेले धान्य आणि पडक्या भिंतींचे ढीग उरले. हे ढीग उचलण्याचे ठेके कसे द्यावेत आणि त्यांवर लक्ष कसे ठेवावे, याविषयी नगरसेवक, मुख्याधिकारी, लेखापाल आणि नागरिक सातत्याने जे विचारतात, त्याची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. या कामाचे एक वैशिष्ट्य आरंभीच लक्षात घ्यावे लागते. रस्ता खराब झाला तर तो वर्षभरानेही खोदून तपासता येतो. उचललेला राडारोडा मात्र पुन्हा मोजता येत नाही. जे मोजायचे ते गाडी उभी असतानाच मोजावे लागते, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच एका अडचणीतून निघालेली आहेत.

१. राडारोडा म्हणजे नेमके काय काय? सगळे एकाच ठेक्यात टाकले तर चालते का?

पुरानंतरच्या ढिगात किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात: ओला गाळ, बांधकामाचा मलबा, उन्मळलेली झाडे, घरगुती व दुकानांतील खराब सामान आणि मेलेली जनावरे. यांची वाहने निराळी, टाकण्याच्या जागा निराळ्या आणि मोजण्याची रीतही निराळी असते. ठेकेदार एकच ठेवण्यास हरकत नाही, परंतु दरपत्रकात प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र बाब हवी. “शहर स्वच्छ करणे, एकूण रक्कम” अशा एका ओळीच्या कार्यादेशावर देखरेख करणे कोणालाही शक्य नाही, कारण काय मोजायचे हेच त्यात लिहिलेले नसते. कीटकनाशके, रंग, बॅटऱ्या आणि दवाखान्यांतील कचरा मात्र या ठेक्यात मुळीच मिसळू नये.

२. ही जबाबदारी नगरपरिषदेची की जिल्हाधिकाऱ्यांची?

दोघांचीही आहे, पण वेगवेगळ्या अंगांनी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३४ नुसार मलबा हटवण्याचे अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहेत आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. कलम ४१ नुसार बाधित क्षेत्रातील मदत व पुनर्वसनाची कामे राज्य व जिल्हा आराखड्यांनुसार पार पाडणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. व्यवहारात गाडी नगरपरिषद लावते आणि निविदा न काढण्याची तातडीची सूट जिल्हा देतो. ही सूट कागदावर नसेल तर काय होते, ते प्रश्न ३ मध्ये पाहावे.

३. आपत्ती जाहीर झाली म्हणजे निविदा काढावी लागत नाही, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यावर विसंबूनच अनेक जण अडचणीत येतात. याच अधिनियमाच्या कलम ५० नुसार बचाव किंवा मदतकार्यासाठी साहित्य वा साधनांची तातडीने गरज असल्याची राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते एखाद्या विभागाला अथवा प्राधिकरणाला तातडीच्या खरेदीसाठी प्राधिकृत करू शकते, आणि तसे झाल्यास निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाल्याचे मानले जाते. ही सूट देणाऱ्यांच्या यादीत नगरपरिषद नाही. त्यामुळे जिल्हा प्राधिकरणाचे लेखी प्राधिकारपत्र, त्यातील कामाचे वर्णन आणि मुदत हाती असल्याखेरीज “कलम ५० खाली” असा शेरा मारून कार्यादेश देणे धोक्याचे आहे.

शिवाय हे कलम बचाव आणि मदतीपुरते आहे. रुग्णालयाकडे जाणारा रस्ता मोकळा करणे त्यात निःसंशय बसते; सहा आठवड्यांनंतर नाल्याचा गाळ काढणे त्यात ओढूनताणून बसवले जाते, आणि माझ्या मते ते बसवू नये. तेवढ्या अवधीत अल्पमुदतीची निविदा सहज निघू शकते. एकच काम लहान लहान तुकडे करून निविदेच्या मर्यादेखाली आणणे ही आपत्तीतही अनियमितताच ठरते.

खरा उपाय पावसाळ्यापूर्वी करण्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये रीतसर निविदा काढून जेसीबी, पोकलेन, डंपर आणि मजूर यांचे दर ठरवून ठेवावेत आणि काम निघालेच तर त्या दराने द्यावे. अशा दरकरारात किमान कामाची हमी नसते, त्यामुळे पूर न आल्यास खर्चही होत नाही.

४. पुराच्या रात्री नगराध्यक्षांनी किंवा महापालिका आयुक्तांनी तोंडी आदेश दिला, तर तो वैध धरायचा का?

कायद्याने अशा वेळेची सोय केलेली आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ५८ मध्ये नगराध्यक्षांना आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(ग) मध्ये आयुक्तांना, लोकांच्या सुरक्षिततेसाठी एरवी मंजुरी लागणारी कृती आणीबाणीत तत्काळ करण्याचे अधिकार आहेत. मात्र कृती आणि तिची कारणे यांचा अहवाल संबंधित सभेला किंवा समितीला देणे बंधनकारक आहे. म्हणून तोंडी आदेशाची नोंद त्याच दिवशी दैनंदिनीत करावी आणि लेखी आदेश लगोलग काढावा. जेथे प्रशासक कारभार पाहतात तेथे प्रश्न विचारणारी सभाच नसते; अशा ठिकाणी हे आदेश स्वतःहून प्रसिद्ध करणे अधिक गरजेचे आहे, असे मी मानतो.

५. दर तासावर ठरवावा, फेरीवर, ब्रासवर की टनावर?

प्रत्येक पद्धतीत फसगतीची जागा वेगळी आहे, आणि ती ओळखूनच निवड करावी.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ढिगांचा अंदाजच नसतो, तेव्हा यंत्रे तासांवर घेण्याखेरीज गत्यंतर नसते. अशा वेळी कमाल तासांची मर्यादा आदेशातच घालावी, यंत्रावरील तासमापकाचे आकडे सकाळ-संध्याकाळ छायाचित्रासह नोंदवावेत आणि यंत्र डिझेलअभावी किंवा डंपरच्या प्रतीक्षेत उभे राहिल्याचे तास वजा करण्याची अट ठेवावी. मर्यादा नसलेला तासाचा दर म्हणजे काम लांबवण्याला दिलेले बक्षीस होय.

फेरीचा दर सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त महागात पडतो, कारण ठेकेदाराला अर्धी भरलेली गाडी पळवणे परवडते. ब्रासचा दर त्यापेक्षा बरा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. समजा एका डंपरचा हौदा १४ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. त्याची क्षमता २९४ घनफूट, म्हणजे २.९४ ब्रास झाली. गाडी पाऊणच भरली असताना पूर्ण भरल्याची नोंद केली, तर दर फेरीमागे पाऊण ब्रासच्या जवळपास माल हवेतला असतो. शंभर फेऱ्यांत तो साडेत्र्याहत्तर ब्रास होतो. म्हणून क्षमतेबरोबर “किती भरली” हेही प्रत्येक वेळी लिहिले पाहिजे.

टनाचा दर बांधकामाच्या मलब्याला योग्य आहे, परंतु ओल्या गाळाला नाही. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. चिखलाबरोबर पाणी भरले की नगरपरिषद पाणी वाहून नेण्याचे पैसे देते. गाळ ब्रासने, मलबा टनाने, झाडे नगावर किंवा खोडाच्या घेरावर आणि जनावरे नगावर मोजावीत, असे माझे मत आहे.

६. फेरीच्या पावतीत काय असावे?

पावती तीन प्रतींत आणि छापील अनुक्रमांकाची असावी. ज्या ठिकाणी गाडी भरते तेथे ती फाटते आणि जेथे रिकामी होते तेथे पूर्ण होते. तीत गाडीचा क्रमांक, चालकाची सही, भरण्याचे ठिकाण (प्रभाग नव्हे, गल्ली किंवा खूण), निघाल्याची वेळ, मालाचा प्रकार, भरण्याचे प्रमाण, टाकण्याच्या जागी पोहोचल्याची वेळ आणि दोन्ही ठिकाणच्या निरीक्षकांच्या सह्या हव्यात. दोन टोकांना दोन वेगळी माणसे असणे हा या व्यवस्थेचा कणा आहे; एकाच माणसाने दोन्ही सह्या केल्या की पावती म्हणजे नुसता कागद उरतो.

काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गाडीचा हौदा टेपने मोजून, तिची क्षमता ठळक अक्षरांत गाडीवर चिकटवावी आणि गाडीचा क्रमांक परिवहन विभागाच्या नोंदींशी ताडून पाहावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु बिहारच्या चारा घोटाळ्यात मालवाहतुकीच्या नोंदींमध्ये स्कूटरचे क्रमांक सापडले होते, हे विसरू नये. वजनकाटा वापरत असाल तर तो वैध मापन शास्त्र यंत्रणेने प्रमाणित केलेला असावा आणि रिकाम्या गाडीचे वजन रोज नव्याने घ्यावे.

जीपीएस आणि छायाचित्रे उपयोगी आहेत, पण ती पावतीची जागा घेऊ शकत नाहीत. गाडी कोठून कोठे गेली हे जीपीएस सांगते. ती भरलेली होती की नाही, हे सांगत नाही.

७. देखरेखीसाठी स्वतंत्र संस्था नेमावी का? तिला मोबदला कसा द्यावा?

काम मोठे असेल आणि अभियंते अपुरे असतील तर अवश्य नेमावी. अमेरिकेत वादळानंतर मलबा उचलणारा ठेकेदार आणि त्याच्या फेऱ्या मोजणारा ठेकेदार हे दोन वेगळे ठेके असण्याची पद्धत रुळलेली आहे. टाकण्याच्या जागी उंच मचाणावर मोजणाऱ्या संस्थेचा निरीक्षक बसतो, वरून हौद्यात पाहतो आणि गाडी किती टक्के भरली आहे ते पावतीवर लिहितो. संघराज्य सरकारचे अनुदान त्या पावत्यांवर अवलंबून असते, त्यामुळे तेथील स्थानिक संस्था त्या जपून ठेवतात. मचाणाची ही कल्पना आपल्याकडे बांबूच्या चार खांबांवर उभी करता येईल.

मोबदल्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराला बहुधा कामाच्या किमतीच्या टक्केवारीने शुल्क दिले जाते. राडारोड्याच्या कामात याचा अर्थ असा होतो की, जितका माल जास्त नोंदवला जाईल तितके मोजणाऱ्याचेही उत्पन्न वाढेल. ही रचना मला मुळातच चुकीची वाटते. निरीक्षकाला दिवसाच्या किंवा पाळीच्या ठरावीक दराने पैसे द्यावेत, आणि त्याचा उचलणाऱ्या ठेकेदाराशी भागीदारीचा, नात्याचा किंवा उपठेक्याचा संबंध नसल्याचे शपथपत्र घ्यावे. ज्या संस्थेने अंदाजपत्रक आणि निविदेच्या अटी तयार केल्या, तिलाच तो ठेका देऊ नये.

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून होणारी त्रयस्थ तपासणी इमारतींच्या आणि रस्त्यांच्या कामांत उपयोगी पडते. येथे ती काम संपल्यावर आली तर तिला पाहण्यासारखे काही उरत नाही. प्राध्यापक आणि विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच भरण्याच्या व टाकण्याच्या जागी उभे राहणार असतील, तरच तिचा विचार करावा.

८. आमचे कर्मचारीच पूरग्रस्त आहेत. निरीक्षक आणायचे कोठून?

ही तक्रार खरी आहे. ज्या लिपिकाच्या स्वतःच्या घरात कमरेइतका चिखल आहे, त्याला डंपर मोजायला उभे करणे निर्दयपणाचे आहे. शेजारच्या पूर न आलेल्या नगरपरिषदांकडून कनिष्ठ अभियंते आणि स्वच्छता निरीक्षक पंधरा दिवसांसाठी मागवण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी करावी. बाहेरून आलेल्या माणसाचे स्थानिक ठेकेदाराशी लागेबांधे नसतात, हा त्याचा अधिकचा लाभ. ठेकेदाराच्या मुकादमाची नोंदवही मात्र कोणत्याही परिस्थितीत नगरपरिषदेची नोंद म्हणून स्वीकारू नये.

९. राडारोडा टाकायचा कोठे? नदीकाठी मोकळी जागा आहे, ती चालेल का?

नाही. पाटबंधारे विभागाने आखलेल्या निळ्या पूररेषेच्या (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या) आत भराव घालणे म्हणजे पुढच्या पुराची उंची स्वतःच्या हाताने वाढवणे होय. वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या पात्रातून काढलेला गाळ काठावरच रचला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो पात्रात परततो आणि त्याच मालाचे पैसे पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात.

जागा पावसाळ्यापूर्वी ठरवावी: एक तात्पुरती, वर्गीकरणासाठी, आणि एक कायमची. जागा खाजगी असेल तर सातबारा, मालकाची लेखी संमती आणि टाकण्यापूर्वीची व नंतरची पातळी मोजलेली नोंद हवी. मुंबईत मिठी नदीच्या गाळासंबंधी २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, तेव्हा गाळ टाकण्याच्या जागांच्या करारपत्रांवरही संशय घेण्यात आला. त्या आरोपांचा निकाल न्यायालय देईल, परंतु संमतीपत्र देणाऱ्या जमीनमालकाला अधिकाऱ्याने समक्ष भेटून खात्री करावी, एवढा बोध आजच घेता येतो. दोन वेळा घेतलेल्या पातळ्यांतील फरकावरून एकूण भरावाचे आकारमान काढता येते, आणि पावत्यांची बेरीज ताडून पाहण्याचे तेवढे एकच साधन काम संपल्यावर शिल्लक असते. गाळ दबतो आणि वाळतो, त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत; पण तफावत दुपटीची असेल तर तिचे कारण विचारलेच पाहिजे.

१०. पंचनाम्याआधीच घरासमोरचे सामान उचलले गेले, तर भरपाई बुडते का?

भरपाई मिळवणे अवघड होते, आणि म्हणून ठेक्यात क्रम लिहून ठेवावा. रस्त्याच्या मध्यातील अडथळा लगेच हटवावा. घराच्या उंबऱ्याला लागून असलेला ढीग तलाठ्याच्या पथकाने खूण केल्याशिवाय हलवू नये. पडक्या घरांचा मलबा आणि मेलेली जनावरे यांबाबत हे विशेषतः पाळावे, कारण जनावराच्या मदतीसाठी त्याच्या मृत्यूची नोंद लागते. दुर्गंधीमुळे थांबणे शक्य नसेल तर छायाचित्र, मालकाचे नाव आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मगच उचलावे.

११. दुकानातला आणि सोसायटीच्या आवारातला गाळ नगरपरिषदेने काढावा का?

माणुसकीच्या नात्याने काढावा असे वाटते, परंतु राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ही बाब सार्वजनिक जागांतील मलबा हटवण्यापुरती आहे. व्यवहार्य मार्ग असा की, मालकाने माल आवाराबाहेर रस्त्याच्या कडेला आणावा आणि तेथून पुढे तो ठेक्यात उचलला जावा. त्यासाठी तारखा दवंडीने आणि ध्वनिक्षेपकावरून जाहीर कराव्यात. त्या तारखांनंतर बाहेर येणारा माल, विशेषतः नूतनीकरणाचा मलबा, पुराच्या खात्यावर चढवू नये.

१२. शेतात साचलेल्या गाळाचे काय?

तो या ठेक्याचा विषय नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या ऑक्टोबर २०२२ च्या निकषांनुसार शेतजमिनीवर तीन इंचांपेक्षा जाड गाळ साचला असेल, तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये मदत थेट अल्प व अत्यल्प भूधारकाला देण्याचे ठरले होते.

१३. बाहेरच्या महापालिकांची पथके आणि स्वयंसेवकांनी केलेले काम ठेकेदाराच्या बिलात दिसते. ते कसे रोखायचे?

ही शंका रास्त आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत दुसऱ्या शहरांचे सफाई कामगार यंत्रांसह धावून आले आणि हजारो तरुणांनी खांद्याला खांदा लावून घरे धुतली. त्यांच्या श्रमांची नोंद न ठेवणे ही कृतघ्नता तर आहेच, पण त्या रिकाम्या जागेत खोट्या फेऱ्याही सहज बसतात. रोज सकाळी शहराचा नकाशा समोर ठेवून कोणती गल्ली कोणत्या पथकाकडे, हे लिहावे आणि संध्याकाळी पावत्या त्याच नकाशाशी जुळवाव्यात. बाहेरच्या पथकांच्या गाड्यांनाही याच पावत्या द्याव्यात, फक्त त्यांवर दर “शून्य” असावा.

१४. दरड कोसळलेल्या गावात हेच नियम लागू होतात का?

लगेच नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१) किंवा इर्शाळवाडी (२०२३) येथे मातीखाली माणसे होती. शोधकार्य अधिकृतपणे थांबेपर्यंत तेथील माती ही राडारोडा नसते आणि कोणतेही यंत्र बचाव पथकाच्या आदेशाशिवाय चालत नाही. या काळातील यंत्रे तासांवरच घ्यावी लागतात (प्रश्न ५). शोध थांबल्यावरही त्या जागेतून माती हलवायची की ती जागा तशीच ठेवायची, हे आधी नातेवाइकांना विचारावे.

१५. कामगारांच्या सुरक्षिततेची अट ठेक्यात किती नेमकी असावी?

बूट, हातमोजे, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि लेप्टोस्पायरोसिसवरील प्रतिबंधक गोळ्यांची आरोग्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने व्यवस्था, हे सर्व संख्येसह लिहावे आणि ते पुरवल्याची नोंद देयकाला जोडावी. तुंबलेली गटारे आणि शौचालयांच्या टाक्या यांत माणूस उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घातलेला निर्बंध आपत्तीतही कायम असतो. ते काम यंत्रानेच व्हावे. या अटीवर तडजोड सुचवणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये.

१६. निधी किती दिवसांच्या खर्चासाठी मिळतो?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आतील प्रत्यक्ष खर्च धरला जातो, तोही राज्य कार्यकारी समितीने गरज तपासल्यानंतर. त्यामुळे काम सुरू झाल्याची तारीख दाखवणारा कागद फार मोलाचा आहे. एकतिसाव्या दिवसापासूनच्या पावत्यांचा गठ्ठा वेगळा ठेवावा. तो खर्च बहुधा स्वतःच्या निधीतून करावा लागेल.

१७. देयक दिले गेले, पण पावत्याच नाहीत. नियंत्रक अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पुरेसे नाही का?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५० मध्ये प्राधिकृत अधिकाऱ्याचे साहित्याच्या वापराबाबतचे प्रमाणपत्र हिशेबासाठी ग्राह्य प्रमाणक मानले आहे. ती सवलत तातडीने घेतलेल्या साहित्यासाठी आहे. डंपरच्या फेऱ्यांची संख्या त्यातून सिद्ध होत नाही, असा माझा अर्थ आहे, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षक प्रश्न विचारतील ते फेऱ्यांबद्दलच. आता पावत्या नव्याने “तयार” करणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे. जे उपलब्ध आहे ते, म्हणजे काट्याच्या नोंदी, जीपीएस, डिझेलची बिले आणि टाकण्याच्या जागेची आजची पातळी, गोळा करून त्रुटी मान्य करणारी टिपणी ठेवावी आणि उरलेली रक्कम व अनामत रोखून धरावी. खोटा दावा करून आपत्तीतील लाभ घेणे आणि मदतीचा पैसा वा साहित्य हडपणे या दोन्ही गुन्ह्यांना याच अधिनियमाच्या कलम ५२ व ५३ खाली दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

१८. मी सामान्य नागरिक आहे. मी काय मागू शकतो?

माहितीच्या अधिकारात केवळ प्रती नव्हे, तर कामाची आणि अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते. “पूर खर्चाची सर्व माहिती द्या” असा अर्ज करू नये. त्याला मोघम उत्तर येते. कार्यादेश, जिल्हा प्राधिकरणाचे प्राधिकारपत्र (प्रश्न ३), गाड्यांच्या मोजमापाची यादी (प्रश्न ६), आपल्या प्रभागातील एका ठरावीक दिवसाच्या सर्व पावत्या आणि मोजमाप पुस्तिकेची ती पाने, एवढेच मागावे. मग ती पावती हातात घेऊन आपल्या गल्लीत जावे आणि त्या दिवशी त्या वेळी तेथे डंपर आला होता का, हे शेजाऱ्यांना विचारावे. पुराच्या आठवड्यातले दिवस लोकांच्या चांगले लक्षात असतात.